हादसा, वाकया आणि हक

उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणजे एका शब्दासाठी तीन दारे ठोठवावी लागतात. मुलांच्या घरात दखनी, पुस्तकात उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. त्यात 2000 सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आली. "सर, ॲक्सिडेंट और इन्सिडेंट में क्या फर्क है?" असे मुले विचारतात. आम्ही उर्दूत सांगतो, हादसा आणि वाकया. मग मराठीत, अपघात आणि घटना. जे जे घडते ते इन्सिडेंट. कुणाच्या मनात नसताना जे वाईट घडते ते ॲक्सिडेंट.

या कामाला आमच्या भागात परंपरा आहे. मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार चालवला. त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश अंजुमनने 1937 साली प्रसिद्ध केला. पण कोश अर्थ सांगतो. तो अर्थ कुणाला लागू होतो, हे कायदा ठरवतो.

8 मे 2020 रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर आमच्या करमाडजवळ रुळांवरच झोपी गेले होते. पहाटे मालगाडी आली आणि 16 जण गेले. त्यांच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. गावात सगळे हादसा म्हणाले, अपघात म्हणाले.

1989 चा रेल्वे कायदा काढून पाहिला तर हे शब्द निराळे बोलतात. कलम 124 मधला ॲक्सिडेंट हा प्रवासी गाडीचा: टक्कर झाली, गाडी घसरली, तर. 'अनटुवर्ड इन्सिडेंट' हा मुख्यतः प्रवाशाचा: तो गाडीतून पडला, त्याच्यावर हल्ला झाला, तर. आणि परवानगीवाचून रुळांवर आलेल्यासाठी कलम 147 मधला शब्द आहे ट्रेसपास, उर्दूत मुदाखलत-ए-बेजा. माणूस तोच, पहाट तीच. पण ज्याच्या खिशात तिकीट नाही, त्याच्या वाट्याला हा तिसरा शब्द येतो.

पैशाच्या शब्दांचेही असेच. कॉम्पेन्सेशन म्हणजे हर्जाना, नुकसानभरपाई; ती हक्काने मागता येते. एक्स-ग्रेशिया म्हणजे इमदाद, सानुग्रह मदत. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर केले. ती मदत होती. घरच्यांना तिचा आधार झाला असेल, पण मदत आणि हक यांतले अंतर त्याने मिटत नाही.

आमची मुले उद्या शेजारच्या शेंद्रा एमआयडीसीत कामाला लागतील. त्यांच्यापुढे इंग्रजी कागद येतील: एम्प्लॉयी की कॉन्ट्रॅक्ट लेबर, वेजेस की स्टायपेंड, लीव्ह की ॲब्सेन्स. मार्कांपुरते हे शब्द जवळचे वाटतात, पगाराच्या दिवशी ते फार लांबचे होतात. म्हणून जोडशब्द शिकवताना आम्ही वहीत उर्दू आणि मराठी अर्थांच्या पुढे आणखी एक रकाना आखायला सांगतो: या शब्दाने कुणाला काय मिळते?