तरंगमबाडी ते व्हालाँसे

मध्य फ्रान्सच्या बेरी प्रांतात, नाओं नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवून उभा असलेला व्हालाँसेचा शातो, म्हणजे सरदारी वाडा, घुमटाकार छपरांच्या गोल बुरुजांमुळे प्रवाशाच्या दुरूनच नजरेत भरतो. सोळाव्या शतकात बांधकाम सुरू झालेली ही वास्तू परराष्ट्रमंत्री तालेराँ याने १८०३ मध्ये नेपोलियनच्या आज्ञेवरून आणि त्याच्याच आर्थिक साहाय्याने विकत घेतली, आणि तिचे यजमानपद भारतात जन्मलेल्या एका सामान्य घरातील स्त्रीकडे आले.

कॅथरीन वर्ले हिचा जन्म १७६२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या घरी झाला. पंधरा वर्षांची होण्यापूर्वीच तिचे लग्न ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर ग्रँड याच्याशी लागले. पुढे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य फिलिप फ्रान्सिस याच्याशी तिचे नाव जोडले गेले आणि १७७९ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयाने फ्रान्सिसला पन्नास हजार सिक्का रुपयांची, म्हणजे बंगालमधील तत्कालीन प्रमाण नाण्यांतली, भरपाई द्यायला लावली. यानंतर ती युरोपात गेली आणि पुढे तालेराँसोबत राहू लागली.

तालेराँ हा पेरिगोर या जुन्या उमराव घराण्यातला आणि एके काळचा बिशप, म्हणजे उच्चपदस्थ ख्रिस्ती धर्माधिकारी होता. पोपने त्याला गृहस्थासारखे राहण्याची मुभा दिली, पण विवाहाची परवानगी नाकारली. तरीही १८०२ मध्ये तालेराँ आणि कॅथरीन यांचे लग्न झाले, कारण फ्रेंच राज्यक्रांतीने घटस्फोट कायदेशीर करून विवाहाला चर्चच्या ताब्यातून सोडवून नागरी करार बनवले होते, आणि परराष्ट्रमंत्र्याच्या घरातील हे नाते कायदेशीर व्हावे असा नेपोलियनचा आग्रह होता.

१८०८ ते १८१४ या काळात स्पेनचा राजा सातवा फर्डिनांड व्हालाँसेच्या या शातोत नजरकैदेत होता. त्याचे दालन, छोटे नाट्यगृह आणि तालेराँच्या अधू पायासाठी बनवलेला, लोखंडी आधार जोडलेला बूट पाहुण्यांना आजही पाहता येतो. तालेराँची समाधी याच गावात आहे. त्याच्यापासून विभक्त होऊन १८३४ मध्ये निधन पावलेल्या कॅथरीनला मात्र पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीत जागा मिळाली.

तिच्या अज्ञानाचे किस्से तत्कालीन दरबारी मंडळींनी चवीने सांगितले आणि चरित्रकारांनी ते पुढे चालवले. वास्तविक, जन्माने ठरलेली पायरी कायद्याच्या बळावर ओलांडता येते, हे क्रांतीचे वचन तिच्या विवाहात प्रत्यक्षात उतरले होते; म्हणून व्हालाँसेच्या इतिहासात तिला किस्स्यांपलीकडची जागा मिळणे न्याय्य आहे.