उशाशी दिवा

शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'ची एक जुनी प्रत आमच्या शाळेच्या कपाटात आहे. १९५४ सालचे हे नाटक म्हणजे शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'चे मराठी रूप. त्या वाटेने मी मूळ नाटकापर्यंत गेलो. माझे इंग्रजी बेताचे आणि पुस्तकातले चारशे वर्षांपूर्वीचे. तेव्हा शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि रोज पान-दीड पान पुढे सरकायचे, असा क्रम होता.

सारे नाटक काळोखाने भरलेले आहे. डंकन राजाचा खून मध्यरात्री, बॅन्कोचा दिवेलागणीनंतर, राणीचे झोपेत चालणे तेही रात्रीचे. आणि गंमत अशी, की १६११ साली सायमन फॉर्मन नावाच्या गृहस्थाने हे नाटक पाहिले ते लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात. तिथे मधल्या चौकावर छप्पर नाही आणि खेळ दुपारचा! दिवे मंद करण्याची सोयच नाही. मग काळोख आणायचा कुठून? तो पात्रांच्या तोंडून येतो. बॅन्को मुलाला वेळ विचारतो, मुलगा चंद्र मावळल्याचे सांगतो, आणि डोक्यावर ऊन घेऊन उभ्या असलेल्या प्रेक्षकांना रात्र दिसू लागते.

त्याआधीच नवराबायको दोघांनीही काळोखाला आवतण दिलेले असते. तो चांदण्यांना लपायला सांगतो, ती रात्रीला दाट धुराचे पांघरूण घेऊन ये म्हणते. बिचारा डंकन मात्र त्यांच्या वाड्यासमोर उभा राहून इथली हवा किती छान म्हणत असतो, आणि बॅन्को त्याला भिंतीवरची पाखरांची घरटी दाखवतो! खुनाइतकाच हा प्रसंग मला भयंकर वाटतो.

मॅक्बेथला काही कळत नाही असे नाही. राजा आपला आप्त, आपला पाहुणा, शिवाय भला माणूस, हे सारे तो स्वतःच मोजतो आणि तरीही सुरी उचलतो. पुढे त्याला इतकी सवय होते, की बॅन्कोला मारण्याचा बेत तो बायकोलाही सांगत नाही. इथून दोघांच्या वाटा फुटतात.

मोकळा तास मिळाला की नववीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगतो. लेडी मॅक्बेथची मी सरळ कैकेयी करून टाकीत असे. मुलांना ती लगेच कळे. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, एवढी दुष्ट होती, तर तिनंच का नाही मारलं राजाला?"

उत्तर हाताशी नव्हते. घरी येऊन पान काढले. ती त्या खोलीत जाऊन आलेली असते. पहारेकऱ्यांना गुंगीचे पेय पाजून त्यांच्या सुऱ्याही तिनेच काढून ठेवलेल्या. पण निजलेला म्हातारा तिला आपल्या वडिलांसारखा दिसला. नाटकात हे जाता जाता येते. मी तीनदा वाचून तीनदा पुढे गेलो होतो.

मग शेवटच्या अंकाकडे वळलो. राणी झोपेत चालते आहे, हातात मेणबत्ती. वैद्य विचारतो, हिला ही मिळाली कुठून? दासी सांगते, बाईसाहेबांच्या उशाशी सदा दिवा असतो. तशी त्यांची आज्ञाच आहे. रात्रीला बोलावणारी तीच ही बाई. मी शब्दकोश मिटला.

बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. पर्यवेक्षकाच्या जागेवर हक्क एका वडीलधाऱ्या शिक्षकांचा होता. नोकरीत नवखा असताना त्यांनीच मला फळ्यावर लिहायला शिकवले होते; मी त्यांना नाना म्हणे. एका दिवसाच्या रजेऐवजी त्यांनी हजेरीपटावर सही केली होती. हे त्यांनीच मला विश्वासाने सांगितले होते, कारण त्या दिवशी त्यांची बायको इस्पितळात होती. संस्थेच्या चिटणीसांनी सहज विचारले, "त्यांचं कसं काय चाललंय?" आणि मी तेवढे सांगून टाकले. इस्पितळाचे मात्र सांगितले नाही.

जागा मला मिळाली. घरी बायको म्हणाली, "खोटं तर नाही ना बोललात?" नव्हतो बोललो. पण त्या वर्षी ओटीवरचा दिवा रात्रभर जळे. मी वाचीत बसतो, असे तिला वाटे.

त्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन मी नानांकडे गेलो. दार त्यांनीच उघडले. नेहमी "ये रे" म्हणत. त्या दिवशी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि बाजूला सरून म्हणाले, "या, सर."