पिसारोने झाकलेला माणूस

विद्यार्थी हिरव्या रंगाशी झगडायला लागले की मी त्यांच्यासमोर कामिय पिसारोचं एक चित्र ठेवते. ‘लॉर्डशिप लेन स्टेशन, डलिच’. साल १८७१. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत असलेलं हे चित्र जेमतेम पाऊण मीटर रुंद आहे.

फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे पिसारो घर सोडून लंडनच्या दक्षिण भागात येऊन राहिला होता. क्रिस्टल पॅलेसकडे जाणारा हा लोहमार्ग तेव्हा नवाच, १८६५ मध्ये सुरू झालेला. वरच्या पादचारी पुलावरून दिसणारं दृश्य त्याने रंगवलं: समोरून येणारी गाडी, दोन्ही बाजूंना गवताचे उतार, मागे घरं, वर मळभ. टर्नरच्या १८४४ मधल्या प्रसिद्ध चित्रात इंजिन पावसातून अंगावर येतं. पिसारोचं इंजिन मात्र इवलंसं आहे, शांतपणे येतं आहे.

उतारावरचा हिरवा जवळून पाहावा. ट्यूबमधून थेट लावलेला कच्चा हिरवा कुठेही नाही. कुठे तो पिवळसर आहे, कुठे मातकट, कुठे करड्याकडे झुकलेला. आभाळातला करडा असा खाली उतरल्यामुळे जमीन आणि आभाळ एकाच उजेडात राहतात. धुराचा पांढराही ढगांच्या टोनपासून फार दूर जात नाही, म्हणून तो वरून चिकटवल्यासारखा दिसत नाही. रुळांच्या रेषा नजरेला सरळ इंजिनाकडे ओढतात. त्या ओढीसमोर टिकेल एवढं वजन त्याने गवताला दिलं आहे.

आणि याच उतारावर आधी एक माणूस होता, लांब दांड्याचा विळा घेतलेला. तांत्रिक तपासणीत तो दिसला. पिसारोने त्याच्यावर रंग चढवून त्याला झाकून टाकलं होतं. मला हे फार मोठं धाडस वाटतं. एकीकडे गवत कापणारा, दुसरीकडे इंजिन: चित्राला आयती गोष्ट मिळाली असती, आणि पाहणारा ती गोष्ट वाचून पुढे गेला असता. गवताकडे कुणी पाहिलं असतं?

पावसाळ्यात कर्जतच्या बाजूला लँडस्केपला गेलं की डोंगर, शेतं, रूळ सगळंच हिरव्यात बुडालेलं असतं. मुलं घाबरून आधी छत्रीवाला माणूस काढतात. मी त्यांना विरिडियनमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळायला लावते, आभाळाचा करडा पॅलेटवर शेजारीच ठेवायला सांगते. आधी उतार नीट लागू दे, छत्रीवाल्याचं मग बघू.