माणच्या शिवारातून लाल देवळाच्या मांडवात

आश्विनात माणच्या शिवारात भाताच्या लोंब्या वाकू लागतात. हिंजवडीच्या काचेच्या इमारती बांधाला भिडल्या, मेट्रोचे खांब उभे राहिले, तरी उरलेल्या खाचरांतून मुळशीच्या आंबेमोहोराचा वास येतोच. ६ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी तो वास घेऊनच मी पुणे कॅम्पातल्या लाल देवळाकडे निघालो. त्या दिवशी कोजागरी होती, आणि सूर्यास्ताला बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंचा, सुक्कोथ सुरू होणार होता. हा सणही पौर्णिमेचाच, तिश्री महिन्याच्या पंधराव्या रात्रीचा, आणि मुळात सुगीचा.

लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग. बगदादहून परागंदा होऊन मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी ते उभारायला घेतलं. ते १८६४ मध्ये वारले, देऊळ १८६७ मध्ये पुरं झालं. त्यांची समाधी याच आवारात आहे. बांधलं बगदादी ज्यूंनी, पण आज प्रार्थना टिकवून धरली आहे ती मुख्यतः मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींनी.

सुक्कोथसाठी आवारात घातलेल्या मांडवाचं छत झावळ्यांचं, मुद्दाम विरळ. वर आकाश दिसावं, अशी रीतच आहे. मिसरमधून सुटल्यावर ज्यूंचे पूर्वज रानावनात खोपटांत राहिले, त्याची ही आठवण. मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला गेला आणि झावळ्यांच्या फटींतून कोजागरीचा चंद्र ताटांवर उतरला. दुसऱ्या सकाळी खजुरीचा कोंब आणि महाळुंगाचं फळ हाती धरून प्रार्थना होते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही महाळुंगच आहे, हे मला फार जवळचं वाटलं.

परंपरा सांगते की बेने इस्रायलींचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. तिश्रीतच त्यांचा ‘खिरीचा सण’ असे. नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली खीर करून ते सुगी साजरी करत. मला तर ती खीर मांडवाइतकीच अस्सल वाटते. पेणकर, रोहेकर, किहीमकर या कोकणी आडनावांना ती शोभणारीच आहे.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आता देशात काही हजारच माणसं उरली आहेत. सुक्कोथ सात दिवस चालतो. त्या दिवसांत पुण्यात असाल तर आधी विचारून, ओळखपत्र घेऊन लाल देवळात जरूर जा.