मंडळ बदलण्याआधी

अमरावती,
मे महिना

चि. बापू,


परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. लेकीला दहावीत ९१ टक्के पडले, मूर्तिजापुरात पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्याच्या एका शिकवणीवाल्याने तुला सांगितलं, की पोरगी राज्य मंडळात राहिली तर डॉक्टर होत नाही, अकरावीला सीबीएसईत टाका. तू घाबरलास. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, बापू. भीती अगदीच खोटी नाही, पण त्यावरचा हा इलाज चुकीचा आहे.

भीती कुठून आली ते मी पाहिलं आहे. २०१९ साली राज्य मंडळाने दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण बंद केले. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल एकदम ७७.१० वर आला. सीबीएसईच्या मुलांचे अंतर्गत गुण मात्र कायम होते, आणि अकरावीच्या यादीत दोघांना एकाच मापाने मोजलं. माझ्या वर्गातली अभ्यासू मुलं त्या वर्षी हव्या त्या कॉलेजच्या यादीत दिसली नाहीत. २०२० मध्ये ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. एवढा फरक मुलांत पडलेला नव्हता, गुण द्यायच्या रीतीत पडला होता. तो अन्याय मी विसरले नाही.

पण ती अकरावीची गोष्ट झाली. मेडिकलची यादी नीट परीक्षेच्या ७२० गुणांवर लागते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के असले की पात्रता झाली. २०१३ ते २०१६ मध्ये इंजिनिअरिंगसाठीच्या एनआयटीच्या यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं, तेव्हा मंडळ कोणतं हा खरोखर जिवाला घोर होता. आज मेडिकलच्या यादीत मंडळाच्या नावाला एकही गुण नाही.

गुण नाही, पण बारावी कुठे केली याला फार किंमत आहे. आपल्या दादाच्या मुलाचं आठव. नववी-दहावी इथे केली आणि शिकवणीसाठी राज्याबाहेर कोटा शहरात गेला, तिथल्याच एका शाळेतून बारावी दिली. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात, मंडळ कोणतंही असो. हे त्याला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. देशपातळीच्या १५ टक्क्यांत लागेल एवढे गुण त्याला नव्हते, राज्याच्या यादीत मात्र लागला असता. अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज २००२ पासून आहे, घरापासून फार लांब नाही. तिथे त्याला साधा अर्जही करता आला नाही. वहिनी आजही तो विषय निघाला की उठून आत जातात.

सीबीएसईची मुलं पुढे असतात ती एका बाबतीत. नीट ज्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेली असते, ती त्यांच्या हातात दोन वर्षं असतात. ती पुस्तकं बाजारात मिळतात, त्यासाठी शाळा बदलावी लागत नाही. लेकीची खरी अडचण वेगळी आहे. प्रकाशसंश्लेषण तिला पाठ आहे, पण ‘फोटोसिंथेसिस’पाशी ती थबकेल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे अकरावीचे पहिले तीन-चार महिने यातच जातात, आणि हुशार पोरं स्वतःला ढ समजायला लागतात. त्या दिवसांत तिच्या पाठीशी उभा राहा, गुण विचारू नकोस.

आणि नुसतं नावापुरतं कॉलेज, हजेरी नाही, दिवसभर शिकवणी, असला प्रवेश घेऊ नकोस. ज्या मुलीने सूक्ष्मदर्शकातून कांद्याची पेशी पाहिली नाही, तिला जीवशास्त्र पाठ करावं लागतं, समजत नाही.

एक विचारायचं राहिलं. डॉक्टर व्हायचं हे तिचं म्हणणं आहे की तुझं? मागच्या दिवाळीत तिने माझा बिघडलेला मिक्सर उघडून दुरुस्त केला होता. शासकीय तंत्रनिकेतनात दहावीच्या गुणांवरच प्रवेश मिळतो, तीन वर्षांनी पदविका, आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यालाही तिचे ९१ टक्के आजच कामाला येतील. तिच्याशी निवांत बोल, मी समोर असले तर ती खरं सांगणार नाही.

अकरावीचा अर्ज आता सगळ्या राज्यात ऑनलाइनच आहे. पसंतीक्रम भरण्याआधी मूर्तिजापूर-अकोल्यातली दोन-तीन कॉलेजं स्वतः जाऊन पाहा, प्रयोगशाळेचं दार उघडायला लाव. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं मी घेऊन ठेवली आहेत. रविवारी लेकीला घेऊन ये.

तुझी,
ताई