पिस्तूल आलं, पुढे काय?

मंडळी, महिनाभरापासून इनबॉक्सला आणि टपरीवर एकच प्रश्न विचारला जातोय. "भाऊ, लायसन कसं काढलं? किती लागले?" विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

हो, पिस्तूल घेतलंय. वाळूच्या बातम्यांनंतर दोनदा फोनवर धमकी आली. एकदा रात्री नदीकडच्या रस्त्याने परतताना एक टिप्पर चार किलोमीटर माझ्या गाडीच्या मागे चिकटून आला. त्यानंतर रीतसर अर्ज केला. पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, कागदांवर कागद, आणि दीड वर्षाने परवाना हातात पडला.

वस्तू कोणती? .३२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, परवानाधारकाला मिळणाऱ्यांपैकी स्वस्तातलं. स्वस्त म्हणजे तरी एका बऱ्या दुचाकीएवढं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही जाहिरात नाही आणि तक्रारही नाही. बातमीत आपण 'देशी बनावटीचं पिस्तूल' लिहितो तेव्हा तो गावठी कट्टा असतो, हे तसलं नाही. याला नंबर आहे, तो नंबर परवान्यावर आहे, आणि काडतुसं किती घ्यायची त्याचा आकडाही त्यावरच आहे.

सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की पोरांना सिनेमातली धडधड आठवते. प्रत्यक्षात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसवते. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. एवढंच.

खोका उघडला तेव्हा वाटलं, इतकंसं? हातात घेतल्यावर मात आकारापेक्षा जड लागलं. सगळीकडे तेल चोपडलेलं. स्लाइड इतकी कडक की पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी ओढताना माझा अंगठा सोलला. नेम धरायचा पुढचा दाणा बारीक आहे. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना दाणा दिसला तर निशाणा धूसर, निशाणा दिसला तर दाणा गायब. सफाईचं म्हणाल तर कडा जरा खरखरीत आहेत, लेथवरून आजच उतरल्यासारख्या.

रेंजवर नेलं. झटका वाटला होता त्यापेक्षा कमी, आवाज मात्र दुप्पट. कानाला संरक्षण होतं तरी पहिल्या गोळीला दचकलो. दहा मीटरवरच्या कागदावर निम्म्या गोळ्या डावीकडे खाली गेल्या. प्रशिक्षक म्हणाले, "सर, पिस्तूल सरळ आहे, तुम्ही चाप झटकताय." तिसऱ्या मॅगझिनला एक पुंगळी स्लाइडमध्ये अडकली. ती सोडवायला मला अर्धा मिनिट लागला. निवांत उभा होतो, दिवसाचा उजेड होता, समोर फक्त कागद होता, तरी अर्धा मिनिट. रात्री, मागे टिप्पर असताना काय झालं असतं, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

काहीजण म्हणतात, ".३२ म्हणजे खेळणं, ९ एमएम पाहिजे." त्यांना एवढंच सांगतो. .३२ म्हणजेच ७.६५ एमएम. डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉ. गोविंद पानसरे, गौरी लंकेश, या तिघांच्या हत्यांच्या तपासात ७.६५ एमएमच्याच गोळ्या समोर आल्या. त्यामुळे त्याला खेळणं म्हणू नका. काडतूस तळहातावर घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं.

त्यापाठोपाठ दुसरा विचार आला, की आपल्या धंद्यातल्या माणसाला हे वाचवतं का? जे. डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी मागून गोळ्या घातल्या. ते स्वतः दुचाकी चालवत होते. राजापूरचे शशिकांत वारिसे रिफायनरीवर सतत लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. या दोघांच्या कमरेला चांगल्यातलं चांगलं पिस्तूल असतं तरी काय उपयोग होता? मारणारा समोर येऊन वेळ देत नाही. मागून येतो, किंवा चाकाखाली घेतो.

कायद्याचंही ऐका. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला गरज होती त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. शिवी दिली म्हणून पिस्तूल काढलं तर आरोपी आपणच. परवाना असला तरी शस्त्र लोकांना दाखवत फिरता येत नाही, झाकून न्यावं लागतं. वरातीत, हळदीत, वाढदिवसाला निष्काळजीपणे गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रील बनवणाऱ्या शूरांनी हे वाक्य परत वाचावं. आणि आचारसंहिता लागली की समिती आढावा घेते आणि सांगेल त्याचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा होतं. आता तालुक्यातल्या पत्रकाराला सगळ्यात जास्त धमक्या कधी येतात? निवडणुकीतच.

घरातलं सांगतो. पिस्तुलासाठी लोखंडी तिजोरी घेतली, भिंतीत बोल्ट मारून बसवली. काडतुसं वेगळ्या कप्प्यात. किल्ली मुलांना सापडू नये म्हणून रोज तिची जागा बदलतो. बायको पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "अहो, आधी तुमची एकट्याची काळजी होती. आता तिचीपण." ती म्हणजे तिजोरी. रात्री कुत्रं भुंकलं तर आधी मी दाराकडे बघायचो, आता आधी भिंतीकडे बघतो.

बाहेरही फरक पडला. टपरीवाला दहा रुपयांसाठी माझ्याशी हक्काने भांडायचा, तो आता "राहू द्या साहेब" म्हणतो. पंधरा वर्षांत त्याने मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. काहींना हाच मान हवा असतो, म्हणूनच लायसन हवं असतं. बीडमध्ये एका जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने निघाल्याचं संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर राज्याने वाचलं. मग फेरतपासणी झाली, बरेच रद्दही झाले. इतक्या लोकांच्या जिवाला खरंच धोका होता, की खुर्ची आणि कमरेचा फुगवटा यांचं नातं जमलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण मला खरं थांबवलं ते नदीकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. वाळू उपसून उपसून त्यांच्या विहिरीचं पाणी खाली गेलंय. किती गाड्या, किती वाजता, कुठल्या वाटेने, सगळी माहिती तेच द्यायचे. मागच्या आठवड्यात गेलो तर पाणी दिलं, चहा दिला, माहिती दिली नाही. खूप वेळाने म्हणाले, "तुमच्याकडं ते हाय म्हनत्यात. बरं झालं. आमच्याकडं काय हाय, दादा? तुमी बातमी लावून घरी जाता, आमाला इथंच ऱ्हायचंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं पिस्तूल फार तर मला वाचवेल, तेही नशीब बरं असेल तर. ज्याच्या जोरावर मी बातमी लिहितो त्या माणसाला ते वाचवत नाही, उलट त्याला आणखी एकटं पाडतं. त्या दिवसापासून बातमीला जाताना पिस्तूल नेत नाही. नियमाने रेंजवर सराव करतो, साफ करतो, परत तिजोरीत ठेवतो.

आता लायसन विचारणाऱ्यांना उत्तर. खरा धोका असेल तर आधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तारीख जपून ठेवा, मग अर्ज करा. रुबाबासाठी हवं असेल तर मला विचारू नका.

पत्रकार मित्रांनो, आपल्यासाठी २०१७ चा कायदा आहे. पत्रकारावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली देता येत नाही. हल्ला झाला तर ठाण्यात जाऊन याच कायद्याचं नाव घ्या.

आणि नदीकाठच्या गावांतल्या मंडळींनो, तुमच्यासाठी असा कायदा नाही. म्हणून एकट्याने तक्रार देऊ नका. रात्रीच्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्यात, मग सह्याही सगळ्यांच्या हव्यात. येत्या ग्रामसभेत विषय घ्या, ठराव लिहून घ्या, तहसीलला सोबत जाऊ. मी येतो. वही-पेन घेऊन येईन, दुसरं काही नाही.