साखर वजा सरबत

मे महिन्यात नागपुरात कुत्री दिसण्याआधी त्यांच्या जिभा दिसतात. उभ्या ट्रकखाली, रसवंतीच्या बाकाखाली, नाहीतर पाणपोईच्या रांजणाखाली गळून गळून ओल्या झालेल्या मातीत खळगा करून, पोट जमिनीला लावून ती पडलेली असतात. पारा पंचेचाळिशीच्या आसपास गेला की माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा टाकतात आणि कामाला निघतात. कुत्र्याला दुपट्टा नाही आणि नाव घेण्याजोगा घामही नाही. घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तेवढ्यानं काय भागणार? सगळा कारभार जिभेवर. तोंड उघडायचं, जीभ बाहेर सोडायची आणि भराभर श्वास घेत राहायचं. जिभेवरची, घशातली ओल वाऱ्यावर उडते आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तोच हा न्याय. पण माठ रिकामा झाला तर कुणीतरी उठून भरतं. कुत्र्याला स्वतःच प्यावं लागतं, आणि काही कुत्री नेमकी उन्हाळ्यातच पाण्यावर रुसतात.

आमची तांबी त्यांतली. कूलरच्या टाकीतलं पाणी तिला चालतं, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं तर फारच चालतं. घासून पुसून भरलेल्या वाडग्यापाशी मात्र ती जाते, हुंगते आणि आमच्याकडे अशी बघते की जणू हे आम्हीच पिऊन दाखवावं. निरोगी कुत्र्याला दिवसाकाठी दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे तीस किलोच्या लॅब्रेडॉरला दीड-पावणेदोन लिटर. तांबी वजनानं त्याच्या निम्मीच, पण तिचं निम्मंही पोटात जाईना तेव्हा घरात सरबताचा विषय निघाला.

सरबत म्हटलं की मराठी घराचा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो. मग चिमूटभर मीठ, लिंबू, वेलची, पाहुणा खास असेल तर केशराची काडी. आमच्याकडे प्रेम मोजायचं माप म्हणजे चमचा, आणि तो नेहमी वर शीग लावूनच भरायचा. कुत्र्याचं सरबत करायला बसलं की हा सगळा संस्कार एकेक करून खाली ठेवावा लागतो. साखर नको, गूळ नको. मीठ नको. लिंबू तर त्याला वासानंच नकोसं होतं, आणि लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेल त्याच्या पोटाला बरं नाही. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. बाजारच्या 'शुगर-फ्री' गोडीत झायलिटॉल असलं तर ते थेट विषच: कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते. इतकं वजा केल्यावर उरतं काय, तर पाणी आणि त्यावर फळाची सावली.

शेजारच्या काकांना ही वजाबाकी पटत नाही. त्यांच्या ब्रुनोला ते दुपारी गुलाबी सरबत पाजतात. "पोरासारखाच आहे ना जी तो, मग पोराला पाजतो ते त्याला का नाही?" ब्रुनो आधीच पाटासारखा रुंद झालाय. काकांच्या मायेबद्दल शंका नाही, आणि या मायेला परंपराही मोठी आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजचा एखादा पशुवैद्य त्या वाटेवर भेटता तर त्यानं महाराजांना हात जोडून थांबवलं असतं: कोरडीच खाऊ द्या, तुपानं स्वादुपिंडाला सूज येते. भक्तीचा मुद्दा वेगळा, तो मला मान्य आहे. पण कोरडी पोळी खाऊ देण्यातही जीव लावणं असतं.

आता कृती. ती करायला बसलं की लक्षात येतं, हिच्यात करण्यासारखं फार थोडं आहे. टरबूज चिरायचं, हिरवी साल आणि तिच्या आतला कडक पांढरा भाग बाजूला. लाल गराच्या फोडींतल्या बिया सुरीच्या टोकानं उकरून काढायच्या. घाईच्या घरात मिक्सर फिरवतात, पण त्यात राहिलेल्या बियांचा चुरा होतो. मी फोडी चहाच्या मोठ्या गाळणीत टाकून वाटीच्या बुडानं दाबते. आधी दोन-चार थेंब, मग एकदम धार लागते, आणि गाळणीत उरतो फिकट गुलाबी कापसासारखा चोथा. टरबूज म्हणजे शंभरातले नव्वद-ब्याण्णव भाग पाणीच, त्यामुळे वाटीभर गराचा जवळजवळ वाटीभर रस निघतो. तो तांब्याभर माठाच्या पाण्यात ओतायचा. रंग इतका फिका येतो की पाहुण्यापुढे ठेवला तर पाहुणा रागावेल. कुत्र्याला तेवढा पुरे. फळातली साखर ही शेवटी साखरच, म्हणून हे दिवसातून एकदा, आणि शेजारी साध्या पाण्याचा वाडगा कायम भरलेला.

हेच खरबुजाचं, हेच बिया आणि गाभा काढलेल्या सफरचंदाचं. सफरचंदाच्या फोडी पाण्यात नुसत्या उकळून निवू दिल्या तरी पाण्याला वास लागतो. आंब्याची कोय धुतलेलं पाणी तांबी जीव टाकून पिते, पण कोय मात्र लगेच कचऱ्यात आणि कचऱ्याचा डबा उंचावर. घशात किंवा आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेवर जातं. नारळपाणी चालतं, पण घोटभर, तेही पाणी घालून. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनीच्या किंवा हृदयाच्या दुखण्याच्या कुत्र्याला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आणि द्राक्षं? अजिबात नाहीत. महाराष्ट्रात हे सांगणं जिवावर येतं, कारण नाशिकची द्राक्षं आणि सांगलीकडचे बेदाणे म्हणजे आपला अभिमान, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं. पण कुत्र्याची किडनी त्यांनी निकामी होऊ शकते. कोडं असं की एखादं कुत्रं घोसभर खाऊन शेपूट हलवत बसतं आणि दुसरं मूठभर खाऊन दोन दिवसांत आडवं होतं. वर्षानुवर्षं कारण सापडेना. मग 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी एक धागा पकडला. मुलांना खेळायला घरी केलेली कणकेची चिकणमाती एका कुत्र्यानं खाल्ली आणि द्राक्षं खाल्ल्यासारखाच त्याचा आजार दिसला. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होतं. तिथून संशय टार्टारिक आम्लावर आला. हे आम्ल द्राक्षात असतं, दर फळात कमीजास्त, म्हणून परिणामही कमीजास्त. आणि ते आणखी कशात भरपूर असतं, तर चिंचेत.

हे वाचलं तेव्हा मला आमचं सगळं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. आमटीत चिंचेचा कोळ, भेळेला चिंचेची चटणी, उन्हाळ्यात चिंच-गुळाचं पाणी. पूजेच्या शिऱ्यातले बेदाणे तर हमखास, आणि प्रसादाला नाही म्हणू नये या रिवाजानं कुत्र्यालाही एक मूद. आता आमच्याकडे शिरा होतो तेव्हा बेदाण्यांआधी तांबीचा वाटा बाजूला निघतो, तोही पाव चमचा. भटजींनी एकदा विचारलं, हा नैवेद्य कुणाचा? आई म्हणाली, दत्ताच्या बाजूला उभे असतात ना, त्यांच्यातल्या एकीचा.

तांबीला त्या फिक्या पाण्यात मिळतं काय, हा प्रश्न मला पडतो. आपल्या जिभेवर चव घेणाऱ्या कलिका नऊएक हजार, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. गोड मात्र त्याला कळतं. मांजराला तेही कळत नाही. गोडी ओळखणारं जनुकच मांजराच्या कुळात मोडकं निघालं. त्यामुळे मांजरापुढे टरबुजाचं पाणी ठेवू नये, उगीच आपला अपमान होतो. कुत्र्याचा खरा व्यवहार नाकाचा. वाडगा जमिनीला टेकण्याआधी तांबीला ठाऊक असतं आत काय आहे, कुणी दाबलंय, आणि दाबणारीनं त्याआधी कांदा चिरला होता का. कांदाही कुत्र्याला वर्ज्य, त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आधी हात धुवायचे आणि मगच गाळणी घ्यायची.

आणि पिणं बघावं ते जवळ बसून. आपल्याला वाटतं कुत्रं जिभेची पळी करून पाणी उपसतं. जीभ मागे वळते हे खरं, पण त्या पळीतलं पाणी बहुतेक सांडूनच जातं. हार्वर्डमध्ये 2011 साली क्ष-किरणांच्या चित्रफिती काढून पाहिलं, तेव्हा कळलं की जिभेला चिकटून पाण्याचा एक खांब वर ओढला जातो आणि तो खाली पडायच्या आत तोंड मिटतं. आमच्या फरशीवर त्याचा पुरावा रोज पसरलेला असतो. वाडग्याभोवती गुलाबी शिंतोडे, भिंतीवर दीड फुटापर्यंत. मुंग्या हजर व्हायच्या आत पुसावे लागतात.

एक गोष्ट मात्र या लाडात विसरून चालत नाही. ऊन लागलेल्या कुत्र्याला हे पाणी औषध नव्हे. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, पाय लटपटत असतील, तर अंगावर, पोटावर, पंजांवर साधं पाणी ओतत वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. तोंडात जबरदस्तीनं काही ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. चपट्या नाकाच्या पगला तर दुपारी घराबाहेरच काढू नये.

उरलेलं फळाचं पाणी आम्ही ठेवत नाही, नागपूरच्या उन्हात ते तासाभरात आंबूस वास मारायला लागतं. तांब्यात राहिलेलं आई पेल्यात ओतून घेते. त्यात साखर, काळं मीठ, जिरेपूड, लिंबाची अर्धी फोड, म्हणजे आम्ही वजा केलेलं सगळं क्रमानं परत. चमच्याचा आवाज झाला की तांबी स्वतःचा वाडगा सोडून तिच्या खुर्चीपाशी येऊन बसते.

"काऊन गं, तुझं झालं ना पिऊन?" आई पेला वर धरून म्हणते. "हे माझं आहे."